आत्याच्या बँडच्या टेपा

पोटमाळ्याला वाळवी लागली, म्हणून बाबांनी तो रिकामा करायला मला बोलावलं. जुन्या रजयांखाली पत्र्याचा डबा सापडला. आत टेपची मोठाली रिळं, आणि प्रत्येकावर आत्याचं तिरकं अक्षर.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तरुणपणी ती एका सायकेडेलिक रॉक बँडमध्ये ड्रम्स वाजवायची. अंगात आल्यासारखी लांबच लांब गाणी, भोवऱ्यासारखी गरगरणारी गिटार. बँडचं एकच रेकॉर्डिंग झालं आणि स्टुडिओला लागलेल्या आगीत तेही जळालं, असं टेपा आणायला गेलेल्या बाबांनीच तिला सांगितलं होतं. त्या धक्क्यातून बँड सावरला नाही.

"बाबा, हे जळालं होतं ना?"

त्यांनी उगाचच चष्मा पुसला. "तिचं लग्न ठरत होतं. तिच्या भल्यासाठीच केलं मी."

"लग्न तरी कुठे झालं?"

"मोडलं ना तिनं!" बाबा अजूनही त्यावर चिडलेलेच होते.

मी डबा उचलला आणि तडक आत्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. ती एका घाबरट बाईंना क्लच समजावत होती. डबा पाहताच त्यांना म्हणाली, "आज सुट्टी." मग मी सगळं सांगितलं. ती रडली-बिडली नाही. एक रीळ नाकाशी नेऊन हुंगलं आणि म्हणाली, "बुरशी नाही. वाजेल."

आणि वाजलं. ज्या तंत्रज्ञानं टेपा पेन ड्राइव्हवर उतरवून दिल्या, त्याच्याकडून बातमी एका रेकॉर्ड कंपनीपर्यंत पोचली. कंपनीचे साहेब स्कूलमध्ये हजर.

"मॅडम, हा ठेवा आहे ठेवा! फक्त गाणी छोटी करू आणि ड्रम्स नव्यानं कुणाकडून तरी वाजवून घेऊ. लय जरा डळमळते."

"डळमळत नाही, डुलते," आत्या म्हणाली. "ती तशी डुलावी म्हणून हातांची सालटी निघेपर्यंत वाजवलंय मी. गाणी आहेत तशी काढणार असाल तर बोला."

"पण मॅडम, तुमचा बँड कुणाला माहीत तरी आहे का?"

"नाही ना? मग तुम्ही कशाला आलात?"

साहेब आले तसे गेले.

बाबांच्या कानावर हे गेल्यावर तेही तणतणत आले. "या वयात शोभतं का हे? लोक काय म्हणतील?"

"दादा, गाडीत बस," आत्या म्हणाली.

मी मागे बसले. आत्यानं गाडी सुरू केली, काचा खाली केल्या आणि गाणं पूर्ण आवाजात लावलं. भर दुपारी, भर बाजारातून. दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले. बाबा सीटमध्ये खाली खाली सरकत होते.

"आवाज कमी कर!"

तिनं गाडीचा वेग तेवढा कमी केला. लोकांना नीट ऐकू यावं म्हणून.

मध्येच गिटार थांबली आणि ड्रम्सच्या वरून एक बाई ओरडू लागली. त्या ओरडण्याला शब्द नव्हते. बाबा हळूहळू सरळ बसले. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "ती कोण?"

"मी."

"भांडल्यासारखं वाटतंय."

"भांडतच होते. तुझ्याशी."

"चुकलो मी," बाबा पुटपुटले.

"हो, चुकलास." तिनं त्यांची समजूत वगैरे काढली नाही. "अजून दोन रिळं ऐकायचीयत. पट्टा लाव."

पुढे आत्यानं आणि बँडच्या बेसवाल्यानं मिळून ती रेकॉर्ड स्वतःच काढली, एक सेकंदही न कापता. दूरदूरच्या अनोळखी पोरापोरींनी ती मागवून घेतली. आता दर रविवारी सकाळी स्कूलच्या मागच्या गॅरेजमध्ये दोघं सराव करतात. पहिल्याच रविवारी शेजारचे गृहस्थ तावातावानं आले.

"बाई, हा धिंगाणा कधी थांबणार?"

आत्या ड्रम्सचा स्क्रू पिळत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

"आत्ता तर सुरू झालाय," ती म्हणाली, आणि काठ्या उचलल्या.