मामा कुठं आहेत

चौथ्या मंगलाष्टकाच्या शेवटच्या ओळीआधी तात्या थांबत, ते साधारण चार सेकंद. अश्विनीने ते मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगवरून मोजलं होतं. तेवढ्यात तिचे हे सासरे मांडवभर नजर फिरवत आणि नवरीचा मामा तिच्या पाठीशी उभा आहे ना, ते बघून घेत. नसला तर त्याच चालीत विचारत, "मामा कुठं आहेत?" मामा आल्याशिवाय त्याच्या नावाची ओळ ते म्हणत नसत. निरगुडसरात चाळीस वर्षं लग्नं अशीच लागत आली होती.

दोन वर्षांपूर्वी तिने ते रेकॉर्डिंग गंमत म्हणून भावाला पाठवलं. अमृत मुंबईत टीव्हीच्या विनोदी कार्यक्रमासाठी लिहितो. यंदा त्यातून एक गाण्याचं स्किट निघालं. पांढऱ्या टोपीतला म्हातारा मंगलाष्टकं अर्धी टाकून, माइक घेऊन, गात गात मामाला शोधतो. पार्किंगमध्ये, आचाऱ्याच्या कढईमागे, बँडवाल्यांच्या गाडीत. लोकांना ते इतकं आवडलं की जो तो मोबाइलवर तेच लावून बसू लागला. सासूबाई, प्रयागबाई, हसून हसून डोळे पुसत. तात्याही हसले होते. मग म्हणाले होते, "अश्विनी, तू सायन्सची बाई. ह्या मुंबईवाल्याला आपलं कसं कळलं असंल गं?"

"योगायोग, तात्या. इतकी लग्नं होतात, असं कुणीतरी करतच असणार. संभाव्यतेचा नियमच आहे तसा."

नारायणगावच्या कॉलेजात ती हाच नियम शिकवायची. तात्यांनी मान डोलावली. सुनेच्या शिक्षणाचं त्यांना फार कौतुक होतं. तिने मात्र त्यानंतर वर्गात तो धडा घाईघाईने उरकला.

गेल्या आठवड्यात मंचरच्या लग्नात तात्या नेहमीसारखे थांबले, आणि मागून पोरं ओरडली, "पार्किंगमधी बघा." सगळा मांडव हसला. नवरीसुद्धा हसली. तात्यांनी मामाचं नाव न घेताच अक्षता टाकल्या. घरी आल्यापासून ते मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होते.

आज शेजारचे बाळासाहेब लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. अश्विनीने चहा आणला.

"तात्या, मंगलाष्टकं तुमीच. नाव छापलंय बघा."

"खोडून टाक."

"आठशे पत्रिका हायेत राव. खोडत बसू व्हय?"

"गळा बसलाय माझा. मानसं हसत्यात."

"टीव्हीमुळं हसत्यात वो."

"टीव्हीला कशाला नावं ठेवायची? त्यांनी काय मला बघून केलंय? आमच्या अश्विनीनं इचार करून सांगितलंय, योगायोग हाये म्हनून. आवाजच गेला माझा, दुसरं काय. त्या भटजीबुवांना म्हनायला लाव."

"माझा मेव्हणा, पोरीचा मामा, सुरतंवरनं येतोय," बाळासाहेब हळूच म्हणाले. "तात्या माझं नाव घेत्यात का बघतो, म्हनला."

तात्यांनी पत्रिका घडी घालून परत त्यांच्या हातात दिली. बाळासाहेब तिच्याकडे बघू लागले. सून सांगेल तर म्हातारा ऐकेल, अशा आशेने. अश्विनीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने ट्रे खाली ठेवला.

"तात्या, तुमच्या गळ्याला काही झालेलं नाही. मी योगायोग म्हणाले, ते खोटं होतं. तुमचं रेकॉर्डिंग अमृतला मी पाठवलं होतं."