उर्वीची पहिली सरासरी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप. माझी उमेदीची वर्षं कोपरीला, रसिकामावशीच्या ऑफिसच्या कामात गेली. तेव्हा माझं कौतुक व्हायचं. मग नवा लॅपटॉप आला आणि मी कपाटात चादरींखाली जाऊन पडलो.

मला बाहेर काढलं ते मोहनेला राहणाऱ्या तिच्या भाचीसाठी, उर्वीसाठी. रिक्षा उलटून उर्वीचा पाय मोडला होता. प्लास्टर निघालं, तरी ती कॉलेजचं नाव काढेना. "पाय काही सुधारत नाही," एवढंच म्हणायची. तिची आई लक्ष्मी रोज तिला गल्लीच्या टोकापर्यंत चालवायची आणि लागलेला वेळ मोबाइलवर टिपायची.

"घरी बसलीयस तर काहीतरी शीक," मावशी म्हणाली. "हा चालतो अजून."

उर्वी माझ्यावर प्रोग्रॅम लिहायला शिकू लागली आणि तिने नमपाय नावाची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, इंटरनेटवरून उतरवून घेतली. आकड्यांच्या अख्ख्या रांगांचा हिशेब ही लायब्ररी एका दमात करते. इंटरनेटवरच्या पहिल्या धड्यात नमुन्याचा प्रोग्रॅम होता, दोन रांगांची वजाबाकी आणि सरासरी. उर्वीने त्यात स्वतःच्या चालण्याची मिनिटं भरली. मागचा आठवडा एका रांगेत, हा आठवडा दुसऱ्या.

मी चूक दाखवली. रांगा सारख्या लांबीच्या नव्हत्या. या आठवड्याच्या रांगेत मंगळवार नव्हता. तिने तिथे शून्य टाकलं. लगेच वेळ भलताच कमी झालेला दिसला.

आई मागून बघत होती. "मंगळवारी तर तू पडलेलीस ना गं? मी धरून घरी आणलं."

उर्वीने ते शून्य खोडलं, मागच्या आठवड्याचाही मंगळवार काढला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. माझ्या पंख्यात धूळ होती, मी तापलो होतो, पण थांबलो नाही. फरक आता थोडासाच उरला. पण उरला.

"आई, खरंच कमी झालाय वेळ."

"मला रोज दिसतंय," लक्ष्मी म्हणाली. "तुला कोण सांगणार?"

सोमवारी उर्वी कल्याणला कॉलेजात गेली. अजून लंगडत होती. मी तिच्या दप्तरात होतो. निघण्याआधी तिने ब्रशने माझी धूळ काढली होती.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना फार काही लागत नाही. कधीतरी पुसा, श्वास घ्यायला जागा ठेवा. आणि कोणालाही निकामी ठरवण्याआधी एकदा चालू करून बघा.