गैरहजर लेकरांचे मार्क

मी पीएच.डी. करतेय म्हटलं की लोक विषय विचारायचे. मी सांगायचे, मेटा-अ‍ॅनालिसिस. मग समोरचा माणूस कप बशीत ठेवून म्हणायचा, "म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं एकत्र करायचं, असंच ना?" माझं डोकंच फिरायचं. बीडच्या बी.एड. कॉलेजात शिकवते मी, आता या वयात मला कॉपी करायची हौस आलीय होय?

माझ्यापेक्षा ते अप्पांना बरं सांगता यायचं. अप्पा म्हणजे माझे वडील मन्मथप्पा, त्यांचं धान्याचं दुकान. ते गिऱ्हाईकाला परखी दाखवायचे, पोत्यात खुपसून आतला दाणा बाहेर काढतात ती लोखंडी नळी. "एका पोत्यातली ज्वारी बघून मोंढ्याच्या बाजारातला सगळा माल कसा हाय ते कळंल का? आमची शिवकांता सगळ्या पोत्यांत परखी घालती. ज्या पोत्यात माल जास्त, त्याचं वजन जास्त धरती. मंग सांगती माल कसा हाय ते." गिऱ्हाईक मान डोलवायचं. मला मात्र हे वाक्य माझ्या प्रबंधात कधी लिहिता आलं नाही.

माझी पोती म्हणजे मराठवाड्यातल्या शिक्षकांनी एम.एड.साठी लिहिलेले छोटे छोटे प्रबंध. लायब्रऱ्यांच्या कपाटांतून धूळ झटकून मी ते गोळा केले होते. सगळ्यांचा प्रश्न एकच. पहिलीच्या लेकरांना वाचायला शिकवताना सुरुवात घरच्या बोलीतून करावी, की थेट पुस्तकी भाषेतून?

हा प्रश्न मी का धरला, तर केसरबाईंमुळे. आमचं दुकान पूर्वी चकलांब्याला होतं, तिथं पहिलीला मला केसरबाई होत्या. त्या फळ्यावर लिहायच्या, 'माय भाकर करती हाय'. आम्ही घरी बोलायचो तेच फळ्यावर, म्हणून आम्ही धडाधडा वाचायचो. पुस्तक मागून यायचं, तोवर वाचायची भीती मोडलेली असायची. तपासणीला साहेब आले की बाईंना चार पोरांसमोर झापायचे, लेकरांची भाषा बिघडवता म्हणून. बाई गप ऐकायच्या आणि साहेबांची जीप वळली की पुन्हा तसंच लिहायच्या. रिटायर होईपर्यंत त्यांना कुणी एकदाही 'बरोबर करताय' म्हटलं नाही. ते मला म्हणायचं होतं, आणि नुसतं तोंडानं नाही, आकड्यांनिशी. माझ्या पीएच.डी.चं खरं कारण एवढंच होतं.

नव्व्याण्णव साल होतं ते. बीडमध्ये गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते, त्यातल्या एकात तासाच्या भाड्यानं बसून मी सगळी बेरीज-वजाबाकी केली. उत्तर आलं जवळजवळ शून्य. बाईंच्या पद्धतीनं काडीचा फरक पडत नव्हता.

माझे गाईड सुंदरराव सर म्हणाले, "मॅडम, शून्य आलं तर शून्य लिहा. फरक न पडणं हासुद्धा निष्कर्षच असतो. एप्रिलअखेर प्रबंध द्या आणि मोकळ्या व्हा." सरांचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त राग आला. मी चकलांब्याला गेले की बाई विचारायच्या, "काय निघालं गं शिवे?" मी म्हणायचे, "चाललंय बाई." आणि त्या ताटात अजून एक धपाटं वाढायच्या.

रागारागात सगळी पोती पुन्हा उपसली, एकेक वेगळं बघितलं. तेव्हा दिसलं, की गेवराई-माजलगावकडच्या प्रबंधांत बोलीची पोरं पुढं होती आणि शिरूर कासारकडच्या प्रबंधांत पार तळाला. मधलं कुणीच नव्हतं. शिरूरची लेकरं काय वेगळ्या मातीची होती? एसटीडी बूथवरून फोन करून करून त्यातल्या एका प्रबंधाचे लेखक अंगद गुरुजी शोधले आणि सकाळच्या एसटीनं शिरूर गाठलं.

अंगद गुरुजी वस्तीवरच्या शाळेत होते. आपला प्रबंध कुणी तरी वाचला, याचाच त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आधी चहा, मग पोहे, मग पुन्हा चहा मागवला. वर्गात बघितलं तर चार-पाच टकुरी.

"बाकीची कुठं गेली?" मी विचारलं.

"ऊसतोडीला. मायबापासंगं दिवाळीला जात्यात, पाडव्यानंतर येत्यात."

"मग फेब्रुवारीत तुम्ही शेवटची चाचणी घेतली तेव्हा?"

"तवाबी न्हवती."

"मग त्यांचे मार्क?"

"शून्य," गुरुजी अगदी सरळपणे म्हणाले. "पटावरनं नाव काढलं तर शिक्षकाची जागा जाती, मॅडम. म्हणून नाव ठेवावंच लागतं. आन मनानं मार्क कसे द्यावं? संशोधनात लबाडी न्हाई करायची, आमच्या सरांनी शिकवलतं. मंग दिलं शून्य. समद्यांनीच तसं दिलंय इकडं."

मला हसू फुटलं. थांबेचना. बोलीचा वर्ग वस्तीवरचा, तुलनेचा वर्ग शिरूर गावातल्या शाळेतला, जिथून कुणी उसाला जात नव्हतं. म्हणजे सगळी शून्यं एकाच बाजूला. हा प्रामाणिक माणूस उसाच्या फडावर मोळ्या बांधणाऱ्या लेकरांना न दिलेल्या परीक्षेत नापास करून बसला होता, आणि मी त्याची सरासरी डोळे झाकून उचलली होती. गुरुजींना काय झालं ते कळेना, पण तेही हसायला लागले.

प्रत्येक प्रबंधाच्या मागं एकेका लेकराचे मार्क छापलेले होतेच. ती शून्यं काढली, पुन्हा हिशोब मांडला, आणि बोलीचं पारडं असं जड झालं की सुंदरराव सरांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं. मी पेढे घेतले आणि तडक चकलांबा गाठलं.

केसरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पेढा हातातच होता, खाल्ला नव्हता.

"म्हंजी जी गेली, त्यांला काढून टाकलं तू," त्या म्हणाल्या.

"त्यांची परीक्षाच झाली नव्हती ना बाई."

"शिवे, मी बोलीतनं कशापायी शिकवत होते? घरी राहणारी लेकरं आज ना उद्या वाचतेतच गं. दिवाळीला गाड्या भरायच्या आन निम्मा वर्ग जायचा. पुस्तकाची भाषा घोकवत बसले असते तर एक अक्षर न शिकता गेली असती. जायच्या आत त्यांला वाचता यावं, म्हणून ती घाई होती. त्यांचं काय झालं ते सांग. बाकीच्यांचं ऐकून मी काय करू?"

इतकी वर्षं मी त्यांची पद्धत अभ्यासत होते आणि ती कुणासाठी होती हे मला ठाऊक नव्हतं. राग आला नाही, पहिल्यांदाच. मी म्हणाले, "चला मग, त्यांची परीक्षा घेऊ."

पाडवा झाला, ऊसतोडीचे ट्रॅक्टर शिरूरकडं परतायला लागले. अंगद गुरुजी अजूनही बोलीतूनच सुरुवात करायचे. शेजारच्या वस्तीवर पुस्तकातून शिकवत, आणि लेकरं तिथलीही उसाला जात. दोन्हीकडं नुकतीच परतलेली लेकरं, दोन्हीकडं एकच धडा, आणि तोही पुस्तकी भाषेतला, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. शेजारच्या वस्तीवर मी आणि गुरुजी आदल्या दिवशी जाऊन आलो. तिथली लेकरं बिचारी अक्षरांशी झटत होती. अंगद गुरुजींच्या शाळेत केसरबाई स्वतः आल्या, इस्त्रीचं लुगडं नेसून, आणि मी पिशवीत पेढ्यांचा नवा पुडा घेऊन.

दुपारपर्यंत एकेक लेकरू वाचून गेलं. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे, बोट ओळीखाली, आणि वाचणं अडखळत का होईना, पण वाचणं. घरी राहिलेल्यांइतकं सफाईदार नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण शेजारच्या वस्तीपेक्षा कितीतरी पुढं. पोतं लहान होतं, तरी परखीत दाणा चांगला आला होता. बाई एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या आणि मी उगाच खिडकीबाहेर बघत होते, डोळे भरले होते म्हणून.

एक नाव राहिलं, दगडाबाई. "गैरहजर," म्हणत गुरुजींचा पेन सवयीनं शून्याकडं वळला.

"ओ गुरुजी," केसरबाई म्हणाल्या, "ती कोण हाय मंग?"

दाराशी पोत्यावर एक पोरगी पाय पोटाशी घेऊन झोपली होती. पहाटेच्या ट्रॅक्टरनं आली होती, आईनं तशीच आणून सोडली होती.

"उठवू का?" गुरुजींनी विचारलं.

"नगा. झोपू द्या लेकराला. थांबू आपण."

थांबलो. ऊन पायरीवरून उतरलं, गुरुजींचा चहा दोनदा झाला. मग दगडाबाई आपणहून उठली, डोळे चोळले, आणि आमच्याकडं बघण्याआधी समोरच्या पुस्तकाकडं बघितलं. बाईंनी ते तिच्या पुढ्यात सरकवलं. ती वाचायला लागली. सावकाश, जांभया देत, पण एकही ओळ न सोडता. धडा संपला. गुरुजींनी मार्क लिहिले आणि म्हणाले, "बास, झालं तुझं."

तिनं ऐकलंच नाही. पान उलटलं आणि पुढचा धडा वाचायला घेतला.

"अगं, तेवढंच होतं," मी म्हणाले.

"वाचू दे की," केसरबाई म्हणाल्या, आणि माझ्या पिशवीतून पेढ्यांचा पुडा स्वतःच काढून पहिला पेढा त्यांनी आपल्या तोंडात टाकला.