पाचव्या घराचा लांब कागद

खानेसुमारीवाले येणार म्हणून आमच्या डोंगराच्या सोंडेवर पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. सोंड दोन ओढ्यांच्या मधली; वर मोटारीचा रस्ता, खाली दिदेसा नदी आणि मधल्या उतारावर मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफी. त्या कॉफीत घरं अशी दडलेली की धूर दिसला तर घर आहे म्हणायचं. माणसं किती, हे कुणाला विचाराल तर जो तो आपल्या सोयीचा आकडा सांगणार. खत वाटायचं असलं की सोंडेवरची वस्ती वाढते, रस्त्याच्या कामाला माणसं मागितली की निम्मी होते. सरकारला हे कळत नसेल असं नाही, पण सरकार कशाला बोलेल.

या वेळी कागद दोन तऱ्हेचे आहेत अशी बातमी आली. चार घरांना आखूड कागद: नाव, वय, बाई की पुरुष, संपलं. पाचव्या घराला लांब कागद. त्यात छप्पर कसलं, पाणी कुठलं, चूल कशावर पेटवता, आणि बायकांना विचारायचं की पोरं किती झाली, त्यातली जवळ किती, परगावी किती, गेली किती. हे ऐकून बायकांनी नाकं मुरडली. आमच्या पोटाची चौकशी करणारे हे कोण टिकोजीराव, असं पाणवठ्यावर दोन दिवस चाललं होतं. आपल्या दाराला पाचवा नंबर लागू नये असंच सगळ्याजणींना वाटत होतं. एकट्या गाद्दिसेला तो लागायला हवा होता.

गाद्दिसे एकटी राहायची. नवरा ओलजिरा तीन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला. थोरला मुलगा बुल्चा उत्तरेच्या लढाईवर गेला तो गेलाच. त्याचं प्रेतही आलं नाही, नुसता निरोप आला. धाकटा हुंदे कॉफीचं पोतं पाठीवर घेऊन नदी ओलांडत होता, तो पोत्यासकट वाहून गेला. गाद्दिसेला मुलं किती असं सोंडेवर कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असायचं: दोन झाली, दोन्ही गेली बिचारीची. हे उत्तर खोटं आहे हे सोंडेवरच्या प्रत्येक जाणत्या माणसाला ठाऊक होतं, आणि तरीही ते तसंच द्यायचं असतं.

कारण तिसरं मूल होतं, मुलगी. गाद्दिसेची थोरली जाऊ दिंकितू, हिची लग्नाला अकरा वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती. दुसरी बायको करा म्हणून लोक थोरल्या दिरांच्या मागे लागले होते, आणि ते आता ऐकू लागले होते. गाद्दिसेजवळ तेव्हा दोन मुलगे आणि सव्वा वर्षाची पोर. कुणी मागितली नव्हती. तीच आपणहून जावेच्या अंगणात गेली आणि पोर तिच्या मांडीवर ठेवून म्हणाली, घ्या जाऊबाई, ही तुमची. वय पंचवीस-सव्वीस, अंगात रग, पोटी अजून होतील ही खात्री. मोठेपणा करायला माणसाला एक क्षण लागतो, निस्तरायला सगळा जन्म जातो, हे त्या वयात कुणाला सांगून कळतं?

आमच्यात दिलेलं मूल दिलेलं नसतं. ते त्याच घरी जन्मलेलं असतं. ओडाच्या, म्हणजे न्यायनिवाड्याच्या जुन्या उंबराच्या झाडाखाली पंच बसले, बैल कापला, दिंकितूने पोरीच्या टाळूवर लोणी घातलं आणि पंचांतल्या वडीलधाऱ्याने हातात ओलं गवत धरून सांगितलं की सिम्बो ही दिंकितूच्या पोटची; गाद्दिसेने तिला जन्म दिलेला नाही; आणि गाद्दिसे कधी तसं म्हणाली तर तो शब्द पोरीच्या डोक्यावर पडेल. गाद्दिसेने गवताला हात लावून हो म्हटलं. तेव्हापासून अठरा वर्षं ती सिम्बोची काकू होती.

घरं काही लांब नव्हती. मध्ये कॉफीची दीडशे झाडं. पोर पडली की रडणं इकडे ऐकू यायचं, पण धावायची ती दिंकितू. हुंदे वाहून गेला त्या आठवड्यात सिम्बो रोज येऊन बसायची, डोकं चेपून द्यायची, आणि काकू, थोडं खा ना, म्हणायची. त्या एका शब्दाने गाद्दिसेच्या काळजाचं पाणी व्हायचं. जावेचा तिला राग नव्हता. दिंकितूने पोरीला फुलासारखं जपलं होतं, दहावीपर्यंत शिकवलं होतं. राग कुणाचा करायचा हेच तर कळत नव्हतं.

म्हणून तिला लांब कागद हवा होता. तिने मनाशी सगळं ठरवलं होतं. नदीपलीकडच्या शाळेचा मास्तर आमच्या सोंडेवर नेमलाय असं कळलं होतं; सिम्बोलाही हेच काम मिळालं होतं, पण दुसऱ्या सोंडेवर. परका माणूस. त्याने विचारलं की सांगायचं, तीन. तो लिहून घेणार, कागद पेटीत जाणार, पेटी तालुक्याला, तिथून राजधानीला. तिथे कुठल्याशा कपाटात गाद्दिसेची तीन मुलं राहतील, त्यातलं एक जिवंत. कुणी वाचणार नाही, पोरीच्या कानावर जाणार नाही, मग शब्द पडेल कुणाच्या डोक्यावर? वेडेपणाच होता म्हणा. पण जिच्याजवळ काहीच उरलं नाही तिला एवढंही पुष्कळ असतं.

ठरल्या दिवशी सकाळी दारावर खडूने नंबर घालायचा आवाज आला. गाद्दिसे हात पुसत बाहेर आली, तर दारात मास्तर नाही, सिम्बो. गळ्यात सरकारी पिशवी, गुडघ्यापर्यंत लाल चिखल. तू कशी, म्हणून विचारलं तर म्हणाली, मास्तर आणि मी सोंडा बदलून घेतल्या. चिखलाचं विचारलं तर म्हणाली, खालच्या ओढ्यापासून सुरुवात केली. खालून वर कोण मोजत येतं, रस्ता तर वर आहे, असं गाद्दिसेच्या मनात आलं.

सिम्बो आत येऊन चुलीपाशी बसली. गाद्दिसेने मीठ घातलेली कॉफी पुढे केली. पोरीने पिशवीतून आधी नकाशा काढला. हाताने काढलेला होता: दोन ओढे, मधली सोंड, आणि एकेका घराला एकेक टिंब. काकू, हे तुझं टिंब, हे आमचं, असं तिने दाखवलं. मग तिने लांब कागद काढला.

छप्पर गवताचं. पाणी झऱ्याचं. चूल लाकडाची. घरात माणसं एक. सिम्बो भराभर लिहीत होती. मग तिची पेन्सिल थांबली.

“आता मुलांचं,” ती म्हणाली. “मुलगे वेगळे, मुली वेगळ्या, असं विचारायचंय.”

“तुला ठाऊकच आहे की. लिहून टाक.”

“मला ठाऊक असून चालत नाही, काकू. तू सांगायचं, मी लिहायचं. मुलगे किती झाले?”

“दोन.”

“आणि मुली?”

गाद्दिसेने पोरीच्या हाताकडे पाहिलं. अंगठा तिच्या स्वतःच्या अंगठ्यासारखा, मुळाशी रुंद. कपाळ गाद्दिसेच्या आईचं. अठरा वर्षं पोटात दाबून ठेवलेला शब्द ओठांपर्यंत आला, आणि त्याच वेळी तिला ओलं गवत धरलेला म्हाताऱ्याचा हात दिसला. परक्याला सांगायचं ते वेगळं. हा शब्द पडायचा तो इथेच, समोर वाकलेल्या या डोक्यावर. दोन मुलगे गेलेल्या बाईला असल्या गोष्टी हसण्यावारी नेता येत नाहीत.

“मुली नाहीत,” ती म्हणाली.

सिम्बोने लिहिलं नाही. “नीट आठव, काकू. मला घाई नाही.”

“यात आठवायचं काय?”

“मुली किती झाल्या?” पोरीने तिसऱ्यांदा विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

गाद्दिसेला वाटलं, आता आपण रडणार. ते लपवायला ती हसली. “अगं, मुलगी असती तर या वयात लाकडं मी फोडली असती का? एकही नाही, घाल तिथे शून्य.”

सिम्बोने शून्य घातलं. गाद्दिसेचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला, तेव्हा तिने तो जरा जास्त वेळ धरून ठेवला. मग कागद घडी करून पिशवीत घातला आणि पहिलाच पेला अर्धा टाकून उठली. कॉफीचे तीन पेले झाल्याशिवाय पोर कधी या घरातून उठली नव्हती. कामाची घाई असेल, असं गाद्दिसेने स्वतःला समजावलं आणि मग एकटीच चुलीपुढे बसून पोटभर रडली.

ऊन कललं तेव्हा दिंकितू आली. धापा टाकत आली, आणि दारातच उभी राहून जावेच्या तोंडाकडे बघत राहिली.

“तीन म्हणालीस ना?” तिने विचारलं.

गाद्दिसेला आधी समजलंच नाही. मग दिंकितू मटकन उंबऱ्यावर बसली आणि सगळं सांगू लागली. आठ दिवसांपूर्वी तिने स्वतःच पोरीला सांगून टाकलं होतं. पोर कॉलेजला लांब जाणार, तीन वर्षं येणार नाही. खोटं घेऊन कशाला जाऊ द्यायची? पंचांतला तो म्हातारा अजून आहे, त्याला विचारून आली होती. तो म्हणाला, घेणारीनेच मोकळं केलं तर शब्द कुणावर पडत नाही. सिम्बो दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, तू सांगितलंस ते ठीक आहे, पण मला तिच्या तोंडून ऐकायचंय. म्हणून तिने मास्तरशी सोंड बदलली. म्हणूनच चिखल तुडवत खालच्या ओढ्यापासून मोजत आली, कारण वरून मोजलं असतं तर पाचापाचाच्या मोजणीत गाद्दिसेचं दार तिसरं येत होतं. खालून पाचवं आलं.

“मला का नाही सांगितलंत, जाऊबाई?” गाद्दिसे म्हणाली.

“धीर झाला नाही गं. तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने म्हणू की ही तुझी? मला वाटलं, कागदच विचारेल. मी मधे कशाला.”

आता हिला काय म्हणावं? अठरा वर्षं शेजारी राहून दोघीजणी एकमेकींना एवढं जपत आल्या की बोलायचं तेच राहून गेलं. दिंकितू पुढे म्हणाली ते तर आणखी वाईट. काकू तीन म्हणाली तर जायच्या आधी खाली येऊन दोघींच्या हातचं लोणी डोक्यावर घालून घेईन, असं पोर म्हणाली होती. नाही म्हणाली तर खानेसुमारीच्या गाडीतूनच तालुक्याला जाईन आणि तिथून पुढे. तिचं बोचकं सकाळपासून रस्त्यावर होतं.

गाद्दिसे धावत सुटली. चप्पल राहिली, डोक्यावरचं फडकं कॉफीच्या फांदीला अडकून मागे राहिलं. मागून दिंकितू. सोंडेवरून रस्त्यापर्यंत चढ असा आहे की जवान माणूसही दोनदा थांबतो. ती एकदाही थांबली नाही. वर पोचली तेव्हा गाडी सुरू होती. निम्मी सोंड तिथे जमली होती, म्हातारे ओळीने काठ्या टेकून उभे होते, आणि खानेसुमारीचे साहेब पेटीला कुलूप घालत होते. सिम्बो मागच्या बाकावर बसली होती.

“साहेब, माझा कागद चुकलाय,” गाद्दिसे म्हणाली. तिला नीट श्वास घेता येत नव्हता. “मुलं दोन नाहीत. तीन. मुलगी आहे मला. जिवंत आहे. ही सिम्बो माझ्या पोटची आहे.”

दिंकितूने पुढे होऊन, खरं आहे साहेब, असं म्हटलं, पण तिचा आवाज गाडीच्या घरघरीत विरला. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. परगावचा माणूस, दिवसभर चिखलात फिरून वैतागलेला. त्यांनी मागे वळून सिम्बोला विचारलं की ही बाई काय म्हणते, कागद बदलायचा आहे का.

सिम्बोने काकूकडे पाहिलं. अनवाणी पाय, विस्कटलेले केस. मग दिंकितूकडे पाहिलं, मग काठ्या टेकलेल्या म्हाताऱ्यांकडे. तिने गाडीची कड धरली, आणि क्षणभर गाद्दिसेला वाटलं की पोर उतरते आता.

“कागद बरोबर आहे, साहेब,” ती म्हणाली. “मी समोर बसून विचारलंय. तीनदा विचारलंय.”

गाडी निघाली. पोरीने मान खाली घातली ती वळणापर्यंत वर केली नाही. दिंकितू रस्त्यातच बसून मोठ्याने रडू लागली आणि बायकांनी तिला धरलं, कारण लेक दूर गेलेली आई म्हणून रडण्याचा हक्क तिचा होता. गाद्दिसेला कुणी धरलं नाही. काकूला कशाला धरायचं?

शपथ मोडली की पंच माणसाला ओडाखाली बोलावतात, चार लोकांत उभं करतात, विचारतात. गाद्दिसेने तर सगळ्या सोंडेसमोर मोडली होती, आणि दिंकितूने मोकळं केल्याचं पंचांत त्या एकट्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं. म्हणून आपल्याला बोलावणार हे तिने गृहीत धरलं. तिथे उभं राहून, सगळ्यांच्या देखत, ते वाक्य तिला पुन्हा एकदा म्हणता आलं असतं. पण पुढच्या बैठकीत विषयच निघाला नाही. पोरीनेच नाही म्हटल्यावर मोडलं काय, असं म्हाताऱ्यांनी आधीच आपसात ठरवून टाकलं होतं. गाद्दिसे त्यानंतर कितीतरी दिवस सकाळी उठून केस विंचरायची, धुतलेले कपडे घालायची आणि बोलावणं येईल म्हणून दारात बसून राहायची.