तीर्थाचा हात

गेला महिनाभर आमच्या घरात 'दूध' हा शब्दसुद्धा दबक्या आवाजात बोलला जात होता. माझ्या मुलाच्या, सर्वेशच्या पहिल्या वाढदिवसाला त्याला बासुंदीचं बोट चाटवलं आणि बघता बघता त्याचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की दुधाची ॲलर्जी आहे. दूध, दही, तूप, लोणी, सगळं बंद, थेंबभरसुद्धा नको.

ते बोट माझ्या आईचं होतं. त्या वेळी कुणालाच काही ठाऊक नव्हतं, पण माझी बायको श्रुतिका ते बोट काही विसरली नाही.

तेव्हापासून घराचा कारभार तिच्या हातात गेला. सर्वेशची भांडी वेगळी, घासणी वेगळी. चहा पिऊन कुणी त्याचा पापा घ्यायचा नाही. आई कुरकुरायची, "आमी काय पोरां वाढवलीच नाय?" पण कुरकुरत का होईना, दर वेळी साबणाने हात धुवायची. नारळाच्या दुधातली नाचणी तीच शिजवायची आणि सर्वेश ती तिच्याच हातून खायचा. मी मात्र ह्या दोघींच्या मधे पार पिचून गेलो होतो. हिची बाजू घेतली की ती रुसायची, तिची घेतली की ही.

त्यातच श्रुतिकाची रजा संपत आली होती. सोमवारपासून ती कामावर जाणार आणि सर्वेश दिवसभर आईजवळ राहणार, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी ठरवलं होतं. श्रुतिका नुसतीच मान हलवायची.

सव्वीस जानेवारीला आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सत्यनारायण असतो. श्रुतिकाला यायचं नव्हतं. मीच म्हटलं, "किती दिवस कोंडून ठेवणार त्याला? चल यार." ती आली, पण पोराला कडेवरून उतरवायला तयार नाही. प्रसाद वाटणाऱ्या उत्तरा वहिनींनी शिऱ्याचा द्रोण पुढे केला.

"नको वहिनी, त्याला दूधतूप चालत नाही."

"अगं एवढासा तर आहे. देवाचा प्रसाद, त्याने काय होतंय!"

"देवाला ॲलर्जी नाहीये वहिनी, माझ्या मुलाला आहे."

वहिनींचं तोंड बघण्यासारखं झालं. मला हसूही आलं आणि अभिमानही वाटला. मग नमस्कार करायला म्हणून श्रुतिकाने सर्वेशला क्षणभर शेजारी उभ्या माझ्या आईकडे दिलं, परत घेतलं, आणि मी चपला शोधायला वळलो.

वळून बघतो तर सर्वेशचा वरचा ओठ सुजलेला. कपाळावर लाल चट्टे. तो खोकत होता, रडताना मधेच त्याचा आवाज बसत होता.

"आई, काय दिलंत त्याला?" श्रुतिका किंचाळली. "परत बोट चाटवलंत ना?"

सगळं आवार वळून बघायला लागलं. आईने तोंड उघडलं, श्रुतिकाकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं. मला वाटलं, झालं, आईने खरंच दिलं.

रिक्षा मिळाली. हॉस्पिटलात त्याच्या मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला मास्क लावला. हळूहळू त्याचा श्वास मोकळा झाला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. श्रुतिका त्याचा पाय धरून बसली होती. ती एकदाच बोलली, "सोमवारी मी जात नाही. राजीनामा देते. त्यांच्याजवळ मी त्याला नाही ठेवणार." मलाही तेच वाटत होतं.

सकाळी घरी आलो तर आई पिशवी भरत होती. गावाला निघाली होती. श्रुतिका तिच्याकडे न बघता सर्वेशला आंघोळीला घेऊन गेली. मी आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"एवढं सांगून पण तू दिलंस?"

"मी कायएक दिलंय नाय."

"मग काय आभाळातून पडलं?"

आईने न्हाणीघराकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "तीर्थ घेतल्यान ना तिना. पंचामृताचा. आणि तोच वलो हात पोराच्या डोक्यार फिरवल्यान. ओघळ ओठार इलो. माझ्याय ध्यानात उशिरान इला."

तीर्थ घेतलं की ओला हात डोक्यावरून फिरवायचा, कडेवर पोर असलं की त्याच्याही. मीही तेच केलं असतं. तीर्थाला खाणं कोण धरतं?

"मग तेव्हाच का नाही बोललीस? सगळ्यांसमोर ऐकून घेतलंस?"

"तिका सांगू नको. आपल्याच हाताचा भ्या बसला तर ती पोराक हातच लावची नाय मगे. माझा काय, मी गावाक जातंय."

मला भडभडून आलं. तेवढ्यात न्हाणीघरातलं पाणी बंद झालं.

श्रुतिका दारात उभी राहिली. टॉवेलात गुंडाळलेला सर्वेश तिने माझ्याकडे दिला आणि उजव्या हाताचं बोट पुढे केलं. बोटावर चिकटलेलं, काळं पडलेलं तुळशीचं इवलंसं पान होतं.

"त्याच्या केसात होतं," ती म्हणाली. "आई, तुम्ही बघितलं होतंत ना?"

"तुळशीचा पान ता," आई म्हणाली. "वाऱ्यान खंयय उडता."

सर्वेशने आईसाठी, म्हणजे त्याच्या आईसाठी, दोन्ही हात पसरले. श्रुतिका एक पाऊल मागे सरली. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले होते आणि ती रडत होती.

आईने पिशवी खाली ठेवली. श्रुतिकाचं मनगट धरून तिला मोरीच्या नळाखाली नेलं, साबण लावला, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, लहान मुलाचे धुवावेत तसे तिचे हात धुतले आणि पदराला पुसले. मग तो हात स्वतःच्या हातात धरून तिने सर्वेशच्या ओल्या डोक्यावर ठेवला, आणि बराच वेळ सोडला नाही.