कॉम्प्युटरचं काहीतरी

ऋतिका परुळेकरच्या बँडची दहा वर्षांची कमाई काय, तर त्यांनी ज्याला ज्याला शिव्या घातल्या, त्यानं त्यानं टाळ्या वाजवल्या. आता सांगा, माणसानं डोकं आपटायचं तरी कुठे?

बँडचं नाव घासलेट. इलेक्ट्रॉनिक पंक. म्हणजे काय ते विचारू नका, सांगून सांगून ऋतिकाच्या तोंडाला फेस आलाय. ती माइकवर किंचाळते, चैतन्य ड्रमपॅड बडवतो, आणि ब्रायन बंद पडलेल्या डोअरबेल, खेळण्यातले पियानो, मच्छर मारायच्या रॅकेट असलं काय काय उघडून एकमेकांना जोडतो. त्यातून जे केकाटतं त्याला तो सिंथ म्हणतो. ब्रायनच्या रोझारिओ अंकलचा मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा आहे. रविवारी तो बंद असतो, म्हणून प्रॅक्टिस तिथे.

पंकमध्ये बाकी काही नसलं तरी चालतं. समोरच्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या पाहिजेत, बस. आणि नेमकं तेच यांना जमेना.

चैतन्यला अंधेरीतल्या ऑफिसात मॅनेजरनं पार पिळून काढला, तेव्हा त्यांनी ‘टार्गेट’ नावाचं गाणं केलं. मॅनेजरनं ते ऐकलं आणि ॲन्युअल डेला यांनाच बोलावलं. वर स्वतः पहिल्या रांगेत शर्ट काढून नाचला. ब्रायनची फ्रेडा आंटी उठता बसता त्याच्या लग्नाचं विचारायची, तिच्यावर ‘कधी करतोस’ केलं. तिनं ते रिंगटोन म्हणून ठेवलं. कुर्ल्याच्या एका कॉलेजात ऋतिकानं वैतागून समोरच्या पब्लिकलाच मेंढरं म्हटलं, तर पोरं खुशीत येऊन बें बें करायला लागली. “झकास रिस्पॉन्स होता यार,” ब्रायन म्हणाला. ऋतिकानं केबल गुंडाळता गुंडाळता त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट उरलेल्या तारा आवरायला लागला.

पण या सगळ्यांवर कडी केली शिवदास राऊतांनी. हे ऋतिकाच्या बोरिवलीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. जिन्यात सूचना, लिफ्टमध्ये सूचना, कुंड्यांना सूचना, कबुतरांनाही सूचना. त्यांच्यावर ‘सूचना’ नावाचं गाणं निघालं आणि त्यात त्यांची अब्रू ठेवली नाही. राऊतांनी काय करावं? गाण्याचे शब्द लॅमिनेट करून नोटीसबोर्डावर लावले! खाली आपली सही आणि सोसायटीचा शिक्का. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते यालाच.

आणि आता यंदाच्या सत्यनारायणाला घासलेटचा कार्यक्रम ठेवायचा, ही राऊतांचीच आयडिया.

“मी नाही गाणार,” ऋतिका म्हणाली.

“मी हो म्हणून बसलंय,” तिची आई, मालन, लसूण सोलत म्हणाली. “माणूस घरी येऊन बोलला. नाही कसं म्हणायचं?”

बाबा, म्हणजे चंद्रप्रकाश परुळेकर, टीव्हीकडे बघत होते. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यापासून त्यांची ती खुर्ची ठरलेली. या माणसानं दहा वर्षांत तिच्या बँडबद्दल कधी ब्र काढला नव्हता. पाव्हणेरावळे विचारायचे, “मुलगी काय करते?” बाबांचं उत्तर ठरलेलं. “कॉम्प्युटरचं काहीतरी करते.”

तसं ते खोटंही नव्हतं, हाच तर सगळा वैताग. दिवसा ती अंधेरीच्या एका स्टुडिओत मालिकांचे आवाज साफ करायची, कॉम्प्युटरवरच. पण ते पोटासाठी. तिला कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, मी घासलेटमध्ये गाते. बाबांना हे माहीत होतं. तरी काहीतरी.

यावरही तिनं गाणं केलं होतं, सहा वर्षांपूर्वी. घाटकोपरला गायली, पुण्याला गायली, पार बंगळुरूला जाऊन गायली. पण दहिसरपासून कांदिवलीपर्यंत त्या गाण्याला बंदी, तिनंच घातलेली. चैतन्यनं एकदा छेडलंही, “बापाला घाबरतेस?” घाबरत होतीच ती, पण बाबा रागावतील म्हणून नव्हे. बाबांनीही टाळ्या वाजवल्या तर? तर मग या जगात ज्याला झोंबेल असं कुणीच उरलं नाही, आणि दहा वर्षं नुसती हवेत गेली. एवढंच एक माणूस तिनं शिल्लक ठेवलं होतं.

पूजा झाली, आरती झाली, शिऱ्याचे द्रोण वाटून झाले. कंपाउंडमधल्या मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या भरल्या. दुसऱ्या रांगेत आई आणि बाबा. राऊतांनी माइक घेतला.

“आपल्या सोसायटीची कन्या, कुमारी ऋतिका! कॉम्प्युटर क्षेत्रात कार्यरत असूनही तिनं आपला छंद जोपासला आहे. तर आता आपण ऐकू या, माझ्यावरचं गाणं, ‘सूचना’!”

टाळ्या पडल्या. ऋतिकाचं डोकंच सणकलं. छंद? कॉम्प्युटर क्षेत्र? हे राऊतांना कुणी सांगितलं हे काय वेगळं विचारायला हवं होतं? ती मागे वळली.

“‘काहीतरी’ घे.”

“इथे?” ब्रायनचा हात तारांवरच थांबला. “वेडी झालीस? बाबा बसलेत समोर.”

“घे म्हणते ना!”

चैतन्यनं पॅड सुरू केलं, डोअरबेल कोकलल्या, आणि ऋतिका कधी नव्हे तेवढ्या जोरात ओरडली. ‘काय करते? काहीतरी! कॉम्प्युटरचं काहीतरी!’ झालं, मांडवाला तेवढंच पुरलं. दुसऱ्या खेपेला ती “काय करते?” म्हणाली आणि अख्खी सोसायटी “काहीतरी!” म्हणून ओरडली. ए विंगच्या बायका पदर खोचून उठल्या. राऊत तर टाळ्यांचा ठेका धरून पुढे आले, आपल्यावरचं गाणं हे नव्हे याची त्यांना गंधवार्ता नाही. ऋतिकाला रडू यायचं बाकी होतं. अरे, निदान ऐका तरी रे!

दुसरं कडवं आलं.

‘मी सूर लावते आतल्या खोलीत, टीव्ही चढतो बाहेरच्या खोलीत, बाबांच्या हातात रिमोट, माझ्या गळ्यावर बोट.’

बाबा उठले. हातातला द्रोण खुर्चीवर ठेवला, चपला शोधून घातल्या आणि नाचणाऱ्या बायकांच्या मधून वाट काढत जिन्याकडे निघून गेले.

दहा वर्षांत पहिल्यांदाच कुणी घासलेटचा कार्यक्रम सोडून गेलं होतं. याच दिवसाची वाट बघितली होती ना? मग जोर कुठे गेला? तिसरं कडवं तिनं फाटक्या आवाजात कसंबसं रेटलं. लोकांना ती स्टाइल वाटली. वन्स मोअर आला.

सामान ब्रायनवर टाकून ती वर गेली. बाबा खुर्चीत होते, टीव्ही बंद. मागोमाग आई आली, बाबांचा द्रोण घेऊन.

“खोटं आहे ते,” बाबा म्हणाले. आवाज चढलेला होता. “दुसरं कडवं धडधडीत खोटं आहे. टीव्हीचा आवाज मी वाढवत नाही. ही वाढवते. सांग गो तिला.”

“मी वाढवतंय,” आई म्हणाली. “हिच्या ओरडण्यात मालिका ऐकूच येत नाही. काय करू?”

जिचे आवाज साफ करायला ऋतिका अंधेरीला मरायची, ती हीच मालिका.

“जगभर गाऊन ठेवलंस, चौकशी तरी करायचीस,” बाबा म्हणाले. “‘बाबांच्या’ काढ आणि ‘आईच्या’ घाल. चालीत बसतं. मी म्हणून बघितलं.”

“कधी?”

“आत्ता. जिन्यात. सगळं ऐकू येतं तिथे.” त्यांनी रिमोट बाजूला ठेवला. “तिसरंही ऐकलं.”

तिसरं कडवं मामेभावाच्या लग्नातलं होतं. कुणीतरी विचारलं, बाबा घाईघाईनं ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ म्हणून मोकळे झाले, आणि ती तिथेच, त्यांच्या बाजूला उभी होती. कडव्यात एवढंच होतं.

“ते खरं आहे,” बाबा म्हणाले. आता आवाज खाली आला होता. “तू बाजूला होतीस, मला दिसत होतीस. ते राहू दे.” मग पुन्हा एकदम चिडून, “पण मी सांगू तरी काय लोकांना? नाव काय, तर घासलेट! ओरडते म्हणून सांगू?”

“सांगा ना! ओरडते म्हणून सांगा!”

“आणि दुसरं कडवं बदल.”

“नाही बदलणार. गाणं तुमच्यावर आहे, आईवर नाही.”

“खोटं असलं तरी?”

“असलं तरी.”

बाबांनी आईच्या हातातून द्रोण घेतला. थंड शिरा बोटानं सारखा करत बसले.

“पुढचा कार्यक्रम कधी आहे?”

“शनिवारी. मुलुंडला.”

“मग शनिवारीही दुसऱ्या कडव्याला मी उठून जाणार, आधीच सांगून ठेवतो,” ते म्हणाले. “कडेची खुर्ची ठेव.”

“आमच्याकडे खुर्च्या नसतात, बाबा. सगळे उभेच असतात.”

“मग एक ठेव.”