दोन बोटं कडा

ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या उन्हात पॉलीहाऊसच्या छपरावर चढउतर करून इवांथियाचे गुडघे भरून आले होते. छपरावरच्या, कागदासारख्या गुंडाळता येणाऱ्या सौर पट्ट्या तिने पाच वर्षं खपून बनवल्या होत्या. दमट हवा आत शिरू नये म्हणून त्यांना दोन्ही बाजूंनी पारदर्शक आवरण होतं. तरी दीड वर्षातच पट्ट्यांचा रंग उडाला होता, तोही कडेकडून आत.

खाली येऊन तिने मालकाला विचारलं, "सीफिसकाका, पट्ट्यांची कडा कुठंय? चारी बाजूंनी दोन बोटं मोकळं आवरण सोडलं होतं मी."

"ते होय? लावतानाच कापलं," सीफिस ऐटीत म्हणाला. "वाऱ्यावर नुसतं फडफडायचं. आत वीजबीज काही नाही, निव्वळ प्लास्टिक! तुमच्याकडे कुणाला सरळ कापता येत नाही का गं?"

"काका, दोन्ही आवरणं तिथंच एकमेकांना चिकटवलेली होती. ओल अडवायला तीच तर कडा होती."

सीफिस जरा वरमला. मग राकीचा, तिथल्या घरगुती दारूचा, पेला तिच्यापुढे सरकवत पुटपुटला, "मग तसं लिहायचं नाही का त्यावर?"

भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. दाराबाहेरच्या पालथ्या क्रेटवर ती बसली. शेजारीच, भर उन्हात, द्राक्षाचा वेल पारदर्शक फितींनी बांधलेला होता. तिने एक फीत बोटांत धरून ताणली. ती पिवळी पडली नव्हती की तडकली नव्हती.

"कापलेलं ते प्लास्टिक टाकवेना मला," सीफिस म्हणाला. "भलतं चिवट आहे बघ. दीड वर्ष झालं, काही म्हणता काही होत नाही त्याला."